कातळाची बहीण

दादा,

तुझं कॉमिक इतक्या वर्षांनी परत वाचलं आणि मला शिसारी आली. हे आधीच सांगून टाकते, कारण आडून बोललेलं तुला कधी कळलं नाही, आणि कळलं तरी न कळल्यासारखं करण्यात तू पटाईत होतास. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. तुझं तेरावं होईपर्यंत मी चांगलंच बोलले. भेटायला येईल त्याला 'शांत होता हो, मुंगीलाही कधी दुखवलं नाही' असं सांगून सांगून माझी जीभ दुखायला लागली. आता पाहुणे गेलेत, निखिल बाजारात गेलाय, वहिनी आत जरा पडल्यात आणि मी तुझ्या पडवीत तुझ्याच खुर्चीवर बसलेय. आता तरी मला खरं बोलू दे.

मुंगीला न दुखवणाऱ्या माणसाने पानोपानी माणसांची बोटं मोडलीत. शेवग्याच्या शेंगा मोडाव्यात तशी, एकेक करून, सावकाश. मी विसरले होते रे. मला वाटत होतं की तुझ्या कॉमिकमध्ये थोडी मारामारी आहे, थोडा अंधार आहे, बंदर आहे, आणि वयाच्या मानाने चित्रं बरी आहेत. चित्रं बरी नाहीत, फार चांगली आहेत. म्हणून तर जास्त किळस येते. वाईट हाताने काढलेलं मोडकं बोट बघून माणूस हसला असता. तुझ्या हाताने काढलेलं बोट बघून माझंच बोट मी दुसऱ्या मुठीत धरलं.

झालं असं की तेराव्याला पुण्याहून एक मुलगा आला. अंगात काळा टी-शर्ट आणि त्याच्यावर छातीभर तुझ्या कॉमिकमधला तो कातळ. आधी मला वाटलं कुठल्यातरी मंडळाचा असेल. तो तुझ्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला आणि चक्क रडला. मग निखिलला म्हणाला, सरांचं काम कल्ट आहे, असला काळाकुट्ट सुपरहिरो मराठीत परत झाला नाही, सगळे अंक एकत्र करून आपण देखणं पुस्तक काढू. तो गेल्यावर मी निखिलला विचारलं, "कल्ट म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "आत्या, म्हणजे थोड्याच लोकांना आवडतं, पण ज्यांना आवडतं त्यांना फार आवडतं." मी म्हटलं, "म्हणजे सुकटीसारखं." तो हसला नाही. बापाच्या तेराव्याला कोण हसेल म्हणा. तू मात्र हसला असतास, आवाज न करता, खांदे हलवत.

मग माळ्यावरून तुझी पत्र्याची ट्रंक खाली आली.

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे दुसरेही वाचणार आहेत, म्हणून नीट सांगते. आपल्या रत्नागिरीच्या बाजारातल्या त्या छापखान्यात आंब्याच्या पेट्यांवर लावायची लेबलं छापायचे. मे महिना उलटला की मशीन थंड पडायचं. तू तिथे कामाला होतास. मालक तुला म्हणाला, पावसाळाभर मशीन रिकामं आहे, उरलेली शाई डब्यात वाळूनच जाणार, तुला काय ती चित्रं छापायची ती छाप. शाया दोनच. एक काळी आणि दुसरी ती हापूसची केशरी. म्हणून तुझ्या कॉमिकमधलं सगळं रक्त केशरी. कातळाची कातडी जांभ्या चिऱ्यासारखी दिसायला हवी, तीही केशरी. मारणारा कुठे संपतो आणि मार खाणारा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. लोकांना ते आवडलं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक आला की पोरं तुटून पडायची.

चित्रं तू काढायचास आणि फुग्यातली अक्षरं मी. तू रात्री छापखान्यातच बसून काढायचास आणि मला दुपारीच वेळ असायचा, म्हणून आपली ती पद्धत पडली. मी वेगळ्या कागदावर वाक्यं लिहायची, कापून पट्ट्या करायच्या आणि तू त्या चित्रावर चिकटवायच्या. चिकटवायला आईने गणपतीच्या मखरासाठी केलेली खळ. मी तुला शंभरदा सांगितलं, दादा, दुकानातला डिंक आण. तू म्हणायचास, डिंकाने कागद आक्रसतो, खळ बरी. कोकणातल्या हवेत मैद्याची खळ, ती पण माळ्यावर! तुझ्या हुशारीचं फळ मी ट्रंक उघडल्यावर बघितलं. झुरळांनी खळ चाटूनपुसून खाल्लीय. चित्रं सगळी शाबूत आहेत, फुगे जवळजवळ सगळे रिकामे आहेत, आणि ट्रंकेच्या तळाशी माझ्या अक्षरातल्या पट्ट्यांचा ढीग पडलाय. कोणी काय म्हटलं तेच गायब.

निखिल कपाळाला हात लावून बसला. छापलेले अंक त्याच्याकडे आहेत थोडेफार, सावर्ड्याच्या एका रद्दीवाल्याकडून शोधून आणलेले, पण पहिल्या अंकाच्या पिना गंजून बाहेरची पानंच गेलीत. सुरुवातच नाही. "आत्या," तो म्हणाला, "या पट्ट्या कुठे कुठे बसतात ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही. ज्या नाहीत त्या तुम्हालाच परत लिहाव्या लागतील. आणि पुढे एक चार ओळी लिहा ना बाबांबद्दल. प्रेमाच्या."

म्हणून मी वाचलं. नाहीतर ती ट्रंक मी हयातीत उघडली नसती.

गोष्ट थोडक्यात सांगते. चिरेखाणीत राबणारा एक गरीब सरळ माणूस. बंदरावरचे तस्कर त्याच्या बहिणीला धरतात. ती हाका मारते. त्याला बांधून ठेवलेलं असतं. तिला त्याच्यासमोर मारतात आणि त्याला खाणीत गाडतात. रात्रभर पाऊस पडतो, सकाळी माती दुभंगते आणि तो उठतो तो कातळ होऊन. मग गोळी लागत नाही, सुरी घुसत नाही. मग सुरू. मिरकरवाड्याचा धक्का, बर्फाचा कारखाना, मांडवीची वाळू, सगळीकडे बोटं, दात, गुडघे. एका अंकात तू एका माणसाचं डोकं बर्फाच्या लादीत गोठवलंस. लादीतून त्याचे डोळे दिसतात. मला ओकारी आली आणि मी खरंच उठून मोरीपर्यंत गेले. वहिनी म्हणाल्या, पित्त झालं असेल, आमसुलाचं सार देऊ का? मी म्हटलं द्या. तुमच्या नवऱ्यामुळे झालं, हे कसं सांगणार.

आणि बायका. दादा, तुझ्या प्रत्येक अंकात एक बाई मरते. कोळीण, मास्तरीण, नर्स. त्यांना तू दोन-तीन चौकटी देतोस. पहिल्या चौकटीत हसते, दुसऱ्यात घाबरते, तिसऱ्यात पडलेली असते. पडलेली मात्र तू मन लावून काढतोस. केस कसे पसरलेत, हात कसा वळलाय, पदर कुठे गेलाय. आणि मग कातळ मुठी आवळून आभाळाकडे बघतो. बायका मेल्याशिवाय त्या दगडाला जागच येत नाही. आणि पोरं म्हणतात काय धीट चित्रकार, काय खरं जग दाखवलंय. कसलं खरं? खऱ्या जगात बायका पुढच्या चौकटीत उठून भाजी चिरतात.

पहिल्या अंकातली ती बहीण मी आहे. याबद्दल तू कधी खोटं बोलला नाहीस, एवढं मान्य करते. मी शालिनी, ती मालिनी. माझी दोन वेण्यांची पद्धत, माझ्या हनुवटीवरचा तीळ, माझी ती मोठ्या फुलांची साडी. अंक बाजारात आला त्या आठवड्यात मी मासळीला गेले, तर ती आपली नेहमीची मासळीवाली हातातला बांगडा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "काय गो बाय, तू त मेलेलीस ना? माझ्या झिलान चित्रात दाखवलान माका." सगळा बाजार हसला. मीही हसले. पण पोरं हसण्यावर थांबली नाहीत. टायपिंगच्या क्लासला जाताना माझ्या मागून ती बारीक आवाज काढून ओरडायची, "दादाऽ, वाचव!" दोन पावसाळे ओरडली. ते मालिनीचं शेवटचं वाक्य. फुग्यातलं. ते मीच लिहिलं होतं, माझ्याच पेनाने, माझ्याच सुवाच्य अक्षरात. मरताना तिचं अक्षर थरथरलेलं हवं म्हणून तू ते माझ्याकडून परत लिहून घेतलंस.

त्या चित्राचा मूळ कागद माझ्या मांडीवर आहे आत्ता. छापताना केशरी कुठे भरायचं ते कळावं म्हणून तू निळ्या पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवायचास. माझ्या गळ्यावर लिहिलंय, केशरी. छातीवर, केशरी. उजव्या तळहातावर, केशरी. म्हातारपणी आपल्याच सतरा वर्षांच्या अंगावर भावाने अशा खुणा केलेल्या बघायच्या म्हणजे कसं वाटतं, ते मला लिहिता येत नाही. शिसारी हा शब्द पुरत नाही.

पण मला सगळ्यात जास्त शिसारी रक्ताची आली नाही. ती कशाची आली ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आपण दोघं उभ्या जन्मात ते एकदाही बोललो नाही. तू गेलास, म्हणजे आता ते ठाऊक असलेली मी एकटी उरले. ते माझ्याबरोबर जावं असं मला वाटत नाही.

कातळ सुरू झाला त्याच वर्षीचा उन्हाळा. मी क्लासवरून येत होते, तू छापखान्यातून. मांडवीकडे उतरणाऱ्या वळणावर आपण भेटलो आणि बरोबर चालायला लागलो. मी पुढे, तू चार पावलं मागे सायकल हातात धरून. सोडावाल्याच्या गाडीपाशी त्या गोदामवाल्याचा धाकटा उभा होता, दोन-तीन मित्र घेऊन. त्याने माझं मनगट धरलं. "काय गो, टायपिंग आमालापण शिकव की," म्हणाला आणि सोडेना. मित्र फिदीफिदी हसत होते. मी वळून तुझ्याकडे बघितलं.

तू माझ्याकडे बघितलंस. अगदी सरळ, माझ्या डोळ्यांत. आणि मग तू खाली वाकलास आणि सायकलच्या चेनला हात घातलास.

मी ओरडले नाही. 'दादा, वाचव' तर मुळीच म्हटलं नाही. माझ्या दुसऱ्या हातात छत्री होती, उन्हाची, लाकडी मुठीची. ती मी त्याच्या बोटांवर घातली. एकदाच, पण सगळा जीव लावून. तो कळवळला, मनगट सुटलं, सोडावाला मोठ्याने हसला आणि मित्रही त्यालाच हसले. संपलं. मग मी परत फिरून तुझ्यापाशी आले. तू अजून वाकलेलाच होतास. तुझे कान लालबुंद झाले होते. काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर तू तिथेच वाकलेला राहिला असतास. म्हणून मी विचारलं, "दादा, चेन बसली का?"

"बसली," तू म्हणालास. आपण चालायला लागलो. तुझ्या हाताला काळं लागलेलं नव्हतं.

घरी गेल्यावर मी आईला सांगितलं नाही. तूही नाही. मला तुझा राग आला नव्हता रे, खरंच सांगते. सगळ्यांना मारामारी जमत नाही. तू तसाच होतास, कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारा. मला वाटलं, चेन निसटली असं आपण दोघं म्हणू आणि विषय संपेल. त्या वयात मला एवढीच माया करता आली.

आणि पावसाळ्यात तू ती चित्रं घेऊन आलास. त्यात भावाला बांधून ठेवलं होतं. दोरखंडाने. म्हणजे त्याचा इलाज नव्हता. त्यात बहीण हाका मारत होती. आणि नंतर तो दगड होऊन उठत होता आणि हसणाऱ्या पोरांची बोटं मोडत होता, जी खरं तर मी ठेचली होती. छत्री कुठेच नव्हती. आणि बहीण मेली होती, म्हणजे रस्त्यावर काय झालं ते बघितलेलं कोणी उरलंच नाही. तू ते कागद माझ्यापुढे ठेवलेस आणि म्हणालास, "बेबी, अक्षर चांगलं काढ हां."

ह्याची शिसारी आली मला, दादा. भेकड असल्याची नाही. भेकडपणा झाकायला तू मला मारलंस आणि लेखणीही माझ्याच हातात दिलीस, ह्याची. आणि ते इतक्या पोरांना इतकं का आवडलं, ह्याचीही. त्यांच्यातल्या किती जणांनी कुठल्या ना कुठल्या वळणावर चेनला हात घातला असेल, देव जाणे. तो टी-शर्टवाला रडला तेव्हा मला हेच विचारावंसं वाटत होतं.

मी काय अगदीच गप्प बसले नाही. दुसऱ्या अंकाच्या वेळी मी तुला विचारलं होतं, "दादा, मला का मारलंस?" तू म्हणालास, "गोष्टीला लागतं गो. ती गेली नाही तर तो उठेल कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या कातळाला उठायला माझं मढं लागतं?" तू हसलास. पुढे लग्न होऊन मी पावसला गेले, छापखाना बंद पडला, कातळही बंद पडला, तू दुसरीकडे नोकरीला लागलास. पण हे भांडण मी अधूनमधून काढतच राहिले, आणि तू प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलंस, गोष्टीला लागतं. जणू गोष्ट म्हणजे कोणी वरचा साहेब होता आणि तू त्याचा कारकून.

या मे महिन्यात मी शेवटचं विचारलं. तू पावसला आला होतास. आपण अंगणात बाठे चोखत बसलो होतो, कोपरापर्यंत रस ओघळत होता. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "दादा, तुझ्या कातळाला एकदा तरी सायकल द्यायची होतीस." तू चोखायचा थांबलास. स्वतःच्या हातांकडे बघत बसलास, त्या केशरी, चिकट हातांकडे. मग म्हणालास, "हात धुवून येतो." आत नळ वाहत राहिला. मी ऐकत होते, बंदच होईना. बाहेर आलास तेव्हा हात स्वच्छ होते, आणि तू विचारलंस, "यंदा कौलं परतायचीत का गो?" मी म्हटलं, हो, माणूस बघायला हवा. मग आपण कौलांबद्दल बोललो. आपल्यातलं शेवटचं नीट बोलणं कौलांबद्दल झालं.

आता चार ओळी प्रेमाच्या. निखिलला हव्यात म्हणून नाही. मलाच द्यायच्यात.

माझ्या हातात जे अक्षर आहे ते तू दिलंस. लेबलांवरची अक्षरं तू मला उलटी धरून वाचायला लावायचास, म्हणजे वळण दिसतं. "अक्षर असं काढ की माणूस वाचून पुढे गेला पाहिजे, अक्षराकडे बघत थांबता नये," हे तुझंच. कातळ बंद पडल्यावर मला काम तूच मिळवून दिलंस. नारळीपुनवेच्या आधी मिरकरवाड्यात होड्या रंगायला काढतात, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव नव्याने लिहायचं असतं. त्या पहिल्या होडीचा मालक तुला म्हणाला होता, "बायमाणूस नाव लिवणार? आमच्या होडीवर?" आणि तू, कुत्र्याला भिणारा तू, त्याच्या तोंडावर म्हणालास, "माणूस नका बघू, अक्षर बघा." चिखलात गुडघाभर उभा राहून तू दिवसभर माझा रंगाचा डबा धरलास. ती होडी परत आली, तिला भरपूर मासळी लागली होती, आणि मग मला कधी काम मागावं लागलं नाही. गुडघे गेले तोवर मी नावं लिहिली. माझं घर त्यावर उभं राहिलं.

आणि आमचे हे बोटीवर असायचे तेव्हाचं. एका वर्षी कित्येक महिने ह्यांची खबर नव्हती, कंपनी काही सांगेना. तू दर शनिवारी रत्नागिरीहून एसटीने पावसला यायचास. पिशवीत थोडी मासळी, थोडं वाणसामान. धीर द्यायला तुला एक शब्द यायचा नाही. ओट्यावर बसायचास, चहा प्यायचास, माझ्या विहिरीच्या रहाटाला तेल घालायचास आणि शेवटच्या गाडीने जायचास. एक शनिवार चुकला नाही. असा माणूस कोणी टी-शर्टवर छापत नाही. तूही त्याला कधी काढला नाहीस. कातळाच्या साऱ्या अंकांत रहाटाला तेल घालणारा एकही माणूस नाही. मला तुझा राग येतो तो ह्याचा, दादा. तुझ्याकडे एक चांगला भाऊ होता आणि तू त्याच्यावर दगड चढवलास.

असो. चार ओळींच्या जास्त झाल्या.

निखिलला मी आधी नाही म्हटलं होतं. ट्रंक समुद्रात टाकते म्हटलं. तो बिचारा नुसता रिकाम्या फुग्यांची ती पानं एकावर एक नीट लावत बसला. त्याची मान तुझ्यासारखीच वाकते. मग मी म्हटलं, आण त्या पट्ट्या इकडे. छापा. घाण आहे, पण तुझ्या बाबांच्या हातची आहे, आणि झाकून ठेवलेली घाण जास्त वास मारते. फक्त एक अट. पुढे प्रेमाच्या चार ओळी नाहीत, मी लिहीन ते सगळं छापायचं, एक शब्द न गाळता. तेच हे.

दोन दुपारी मी पट्ट्या लावत होते. दुकानातल्या डिंकाने, तुला टिच्चून. कडाक, खाड्, 'कुठं पळतोस', 'हा कातळ आहे, पाझरत नाही'. सगळं बसलं. ज्या पट्ट्या झुरळांनी खाल्ल्या त्या मी आठवून नव्याने लिहिल्या. हात सावकाश चालतो आता, पण वळण तेच आहे.

शेवटी ते पान राहिलं. पहिल्या अंकातलं, निळ्या पेन्सिलीचं. त्यावरची एकच पट्टी जागेवर होती. भावाची. तिला तू खळ जास्त लावली असशील, किंवा झुरळांना ती पचली नसेल. मालिनीचा हात पुढे आलाय, तोंड उघडं आहे आणि तिचा फुगा रिकामा. तिची पट्टी ढिगात नव्हती, मी दोनदा शोधली.

निखिल शेजारी उभा होता. म्हणाला, "आत्या, इथे काय होतं ते आठवतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "आठवतंय. चांगलं आठवतंय."

कागद घेतला आणि लिहिलं. थरथरलेलं नाही, साधं सरळ, वाचून पुढे जावं असं. कापलं, डिंक लावला, बोटाने दाबून धरलं. फुग्यात बरोबर बसलं. निखिल वाचून गोंधळला. "आत्या, चिरेखाणीत सायकल कुठून आली?" मी म्हटलं, "होती. तुझ्या बाबांनी काढायची टाळली."

तर आता ते पान असं आहे, दादा. वरच्या चौकटीत बहीण विचारते, "दादा, चेन बसली का?" आणि खालच्या चौकटीत भाऊ, दोरखंडात बांधलेला, मान वर करून, अर्ध्या पानाएवढा मोठा ओरडतोय. ती पट्टी तूच लावलेली आहे. मी तिला हात लावलेला नाही.

"नाऽऽही!"